एकदाच केलेली तपासणी: उस्मानाबाद जिल्ह्याचं प्रकरण

१९९९च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं काम सुरू झालं. ३० ते ५९ वयाच्या, वरवर धडधाकट असलेल्या १,३१,७४६ बायकांची गावोगाव नोंद झाली. गावांचे ५२ गट पाडले गेले आणि कुणाच्याही पसंतीविना, सोडत काढून ते चार भागांत वाटले गेले. पहिल्या भागातल्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची चाचणी देऊ केली. दुसऱ्या भागाला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी. तिसऱ्या भागात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. चौथ्या भागात तपासणी नव्हती. या आजाराची माहिती आणि हवं असल्यास कुठे जायचं, एवढंच सांगितलं गेलं. तपासणी प्रत्येकीची एकदाच झाली. पुढे आठ वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. एचपीव्ही चाचणीच्या गावांत या कर्करोगानं ३४ बायका दगावल्या, तपासणी नसलेल्या गावांत ६४.

हा निकाल एप्रिल २००९मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. एचपीव्हीच्या एकाच चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे अशा पद्धतीनं पहिल्यांदा दाखवलं गेलं ते मराठवाड्यातल्या खेड्यांत, एएनएम नर्सबाईंच्या हातून. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या अभ्यासाचा दाखला दिला जातो. आपल्याकडे मात्र 'हेल्थ चेकअप'बद्दल बोलताना त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. प्रौढांच्या नियमित तपासण्यांनी नेमकं काय साधतं, कशामुळे साधतं आणि कुठे गाडं अडतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला तरी माहीत नाही.

आधीची बारा वर्षं

१९९९मध्ये कुणीतरी बाहेरून आलं आणि शिबिरं लावली, असं हे घडलं नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय होतं. १९८७मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्यात घेतली होती. मुंबईत अशी नोंदणी १९६३पासून होती, पण शहरातली पद्धत खेड्यात चालण्यासारखी नव्हती. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो, कागद तयार होतो आणि नोंदणीवाले तो कागद गोळा करतात. इथे बाई दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हती, मग कागद कुठून येणार?

म्हणून बार्शीच्या नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शाळामास्तर, दाई, अंगणवाडीच्या बाई यांच्याकडे बसायचं, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण कशानं गेलं, हे विचारायचं. कुणाला पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जातंय का? पांढऱ्या पाण्याला वास येतो का? संबंधानंतर रक्त दिसतं का? असे प्रश्न परक्या माणसानं एकदा विचारून उत्तर मिळत नाही. तेच कार्यकर्ते पुन्हा पुन्हा गेले, तेव्हा बायका बोलू लागल्या. ज्यांना लक्षणं होती त्यांना बार्शीला आणून तपासलं.

यातून एक गोष्ट घडली, जी मला मुख्य अभ्यासाइतकीच महत्त्वाची वाटते. नोंदणी सुरू झाल्यावर काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. कोणतंही नवं यंत्र आलं नव्हतं. विचारणारं माणूस दारात येत होतं आणि पुढे कुठे जायचं ते ठाऊक झालं होतं. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी हा बदल १९९५मध्ये प्रसिद्ध केला.

दुखणं अंगावर काढणं ही आपल्या बायकांची जुनी सवय आहे असं आपण सहज बोलून जातो. सवयीपेक्षा त्यामागे हिशोब असतो. एक दिवस दवाखान्यात गेला की रोजगार बुडतो, एसटीचं भाडं लागतं, सोबत कुणीतरी यावं लागतं आणि घरी शंभर प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. 'पांढरं जातंय' एवढ्यासाठी हे सगळं करायला कोण धजावेल? या कर्करोगाचं वैशिष्ट्य असं की दुखू लागेपर्यंत तो बराच पसरलेला असतो. बाईला जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो आणि जेव्हा वेळ असते तेव्हा तिला काहीच जाणवत नसतं. तपासणीची गरज इथेच निर्माण होते.

तीन पद्धती, जवळून

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८मध्ये नोबेल मिळालं. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. संसर्ग अगदी सर्रास होतो आणि बहुतेक बायकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, पेशी बदलू लागतात आणि त्या बदलातून कर्करोग व्हायला सहसा दहा ते वीस वर्षं जातात. एवढा मोठा अवधी फार थोडे कर्करोग देतात.

आता उपकेंद्रात किंवा शाळेच्या खोलीत काय होतं ते पाहू. पडदा लावलेला, टेबल, चांगल्या उजेडाचा दिवा. नर्सबाई स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं साधन, घालून गर्भाशयमुख दिसेल असं करतात. तिथपर्यंत तिन्ही पद्धती सारख्याच. पुढे फरक पडतो.

डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीत कापसाच्या बोळ्यानं पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशींचा भाग असेल तर तो पांढरा पडतो, काठ स्पष्ट दिसतात. पांढरा डाग दिसला तर निकाल तिथल्या तिथे. प्रयोगशाळा लागत नाही, बाईला परत बोलवावं लागत नाही. या पद्धतीचा सगळा भार नर्सबाईंच्या नजरेवर असतो. जंतुसंसर्गानंही भाग पांढरट दिसतो. शिवाय वय वाढलं, पाळी गेली की ज्या कडेवर हे बदल सुरू होतात ती कडच आत सरकते. मग डोळ्यांना दिसणार तरी काय? पन्नाशीच्या पुढे ही पद्धत म्हणूनच लंगडी पडते.

पॅप स्मिअरमध्ये पेशी खरवडून काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुशल माणूस ती काच वाचतो. युरोप-अमेरिकेत या पद्धतीनं अनेक दशकांत मृत्यू खूप कमी झाले, कारण तिथे ती दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा होते. एका काचेत निसटलं तर पुढच्या काचेत सापडतं. एकाच फेरीत सगळं पकडण्याची अपेक्षा तिच्याकडून करता येत नाही.

एचपीव्ही चाचणीत छोट्या ब्रशनं नमुना घेऊन तो नळीत ठेवतात. उस्मानाबादच्या गावांतले असे नमुने बार्शीच्या प्रयोगशाळेत तपासले जात. यंत्र विषाणूचं जनुकीय द्रव्य आहे की नाही ते सांगतं. नजर, अनुभव, थकवा यांचा निकालावर परिणाम होत नाही. अडचण दुसरीकडे: निकाल त्याच दिवशी मिळत नाही. म्हणजे बाईला पुन्हा गाठावं लागतं, समजवावं लागतं आणि आणावं लागतं.

बोलावणं आणि परत बोलावणं

ज्या बायकांना तपासणी देऊ केली त्यांतल्या जवळजवळ ८० टक्के आल्या. एचपीव्हीच्या भागात ३४,१२६पैकी २७,१९२. या बायकांमध्ये आधी अशी तपासणी झालेली बाई शोधूनच काढावी लागली असती, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. सहा वर्षांपूर्वी याच जिल्ह्याच्या एका भागानं किल्लारीचा भूकंप सोसला होता. पाऊस बेभरवशाचा, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशीच परतायच्या. अशा ठिकाणी इतक्या बायका आल्या, कारण आरोग्य कार्यकर्त्या आधी घरोघरी गेल्या होत्या, यादी हातात होती, तपासणी गावात किंवा गावाजवळ होती आणि पैसे लागणार नव्हते.

तपासणीचे पहिले निकाल असे आले: एचपीव्ही चाचणीत सुमारे १० टक्के, पॅपमध्ये ७ टक्के आणि डोळ्यांनी पाहण्यात १४ टक्के बायका 'पॉझिटिव्ह' निघाल्या. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पुढे कॉल्पोस्कोपीनं, म्हणजे गर्भाशयमुख मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीनं पाहायचं, शंका आली तर तुकडा काढून तपासायचा. बिघाड लहान असेल तर थंड वायूनं तो भाग गोठवून मारतात. तीन मिनिटं गोठवणं, पाच मिनिटं थांबणं, पुन्हा तीन मिनिटं गोठवणं. भूल लागत नाही, टाका पडत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. मोठा बिघाड असेल तर विजेच्या तारेच्या फासानं तेवढाच भाग काढतात. गर्भाशय जागच्या जागी राहतं. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं, त्याचं कारण पुढे येईल.

बोलावलेल्या बायकांपैकी बहुतेक जणी परत आल्या. या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा होता. पॉझिटिव्ह निघालेली बाई परत आली नाही तर चाचणीनं तिला चिंता तेवढी दिली, बाकी काही नाही.

सारखे दिसणारे निकाल आणि आठ वर्षांनंतरचा फरक

गंभीर स्वरूपाचा बिघाड, म्हणजे कर्करोगाच्या आधीची पायरी, किती बायकांमध्ये सापडली? डोळ्यांच्या पद्धतीत ०.७ टक्के, पॅपमध्ये १ टक्का, एचपीव्हीत ०.९ टक्के. २००५मध्ये एवढेच आकडे हाती होते. त्या वेळी कुणी थांबलं असतं तर त्यानं म्हटलं असतं की तिन्ही सारख्याच आहेत, मग स्वस्तातली घ्या.

मागोवा चालू राहिला म्हणून पुढचं कळलं. एचपीव्हीच्या भागात एकूण १२७ कर्करोग सापडले आणि तपासणी नसलेल्या भागात ११८. आकडे पाहून धक्का बसेल: तपासणी केली तिथे कर्करोग जास्त? अर्थात, कारण तपासणीनं लपलेले कर्करोगही बाहेर काढले. खरा फरक टप्प्यात होता. एचपीव्हीच्या भागातल्या १२७पैकी ३९ दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले. तपासणी नसलेल्या भागातल्या ११८पैकी ८२. एकीकडे तीनात एकीपेक्षाही कमी बायका पुढच्या टप्प्यात, दुसरीकडे तीनात दोघींहून जास्त. मृत्यूंचे आकडे यातून आले. आणि लक्षात घ्या, त्या ३४ मृत्यूंमध्ये बोलावूनही न आलेल्या बायका धरलेल्या आहेत. हिशोब आलेल्यांचा केला नाही, बोलावलेल्या सगळ्यांचा केला. तोच प्रामाणिक हिशोब. एखाद्या तपासणी शिबिराचे 'यशस्वी' आकडे वाचताना मी आधी हेच पाहतो की न आलेल्यांचं काय झालं.

पॅप आणि डोळ्यांच्या पद्धतीत मृत्यू थोडे कमी दिसले, पण योगायोग म्हणून सोडून द्यावेत इतकेच. तपासणीत 'काही नाही' असं सांगितलेल्या बायकांचं पुढे काय झालं, यातून कारण उलगडतं. एचपीव्ही नसलेल्या बायकांमध्ये पुढच्या काळात दर लाख स्त्री-वर्षांमागे, म्हणजे लाख बायकांमागे वर्षाला, ३.७ कर्करोग झाले. पॅप ठीक असलेल्यांमध्ये १५.५ आणि डोळ्यांनी ठीक दिसलेल्यांमध्ये १६. म्हणजे 'तुम्हाला काही नाही' हे वाक्य एचपीव्ही चाचणीनंतर चौपट भरवशाचं होतं. जिथे आयुष्यात एकदाच किंवा दोनदाच तपासणी होण्याची शक्यता आहे, तिथे हा भरवसा सगळ्यात मोलाचा.

यावरून डोळ्यांची पद्धत टाकाऊ ठरवणं मात्र चुकीचं होईल. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात तीच पद्धत एकदाच वापरून मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. तो निकाल २००७चा. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी झोपडवस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. शालेय शिक्षण झालेल्या महिलांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी अशी तपासणी करवली, चार फेऱ्या केल्या आणि बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. नजर सतत घासून धारदार ठेवली आणि फेऱ्या होत राहिल्या तर ही पद्धतही जीव वाचवते. फेऱ्या होणार नसतील तर मात्र तिच्यावर किती विसंबावं, ते उस्मानाबादनं दाखवलं.

किंमतही सांगायला हवी. ढोबळ गणित केलं तर हजारभर बायकांना एचपीव्ही चाचणीसाठी बोलावलं तेव्हा आठ वर्षांत एक मृत्यू टळला. त्या एका मृत्यूमागे ऐंशी-नव्वद बायकांना 'पॉझिटिव्ह' ऐकावं लागलं, पुढच्या तपासण्यांना सामोरं जावं लागलं, आणि त्यांतल्या बहुतेकींना काहीच झालं नसतं. मला हा सौदा परवडणारा वाटतो, कारण पुढची तपासणी आणि उपचार दोन्ही लहान आहेत आणि टळणारा मृत्यू चाळिशी-पन्नाशीतल्या बाईचा आहे, फार वेदनेचा आहे. पण कोणत्याही तपासणीला हाच प्रश्न विचारायला हवा: एका वाचलेल्या जिवामागे किती निरोगी माणसं भरडली जातात?

चौथ्या भागातल्या बायका

तपासणी न दिलेल्या ३१,४८८ बायकांबद्दल या अभ्यासावर कडक टीका झाली आणि ती मला योग्य वाटते. पॅप स्मिअरचा उपयोग तेव्हा नवा नव्हता. तपासणीनं मृत्यू घटतात हे इतर देशांच्या अनुभवातून कळलेलं असताना एका भागाला काहीच न देता मृत्यू मोजत राहणं कितपत रास्त? अभ्यासकांचं म्हणणं असं की जिल्ह्यात तपासणीची कोणतीच व्यवस्था नव्हती, त्या बायकांकडून जे होतं ते काढून घेतलं नाही, आणि तुलनेशिवाय सरकारला खर्च करायला राजी करता आलं नसतं.

दोन्ही बाजू ऐकल्यावर मला वाटतं, तीन पद्धती आपसांत ताडून पाहता आल्या असत्या. उत्तर मिळायला जास्त वर्षं आणि जास्त बायका लागल्या असत्या, तरीही. आणि तुलना केलीच, तर २००९मध्ये निकाल हाती येताच पहिला हक्क त्या चौथ्या भागातल्या गावांचा होता, दुसरा उरलेल्या जिल्ह्यांचा. संशोधन आपल्या बायकांवर झालं, चाचणी मात्र आधी श्रीमंत देशांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत गेली. ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

त्यानंतर आपण काय केलं

केंद्र सरकारनं २०१६मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी ३० वर्षांपुढच्या सगळ्यांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचा आराखडा काढला. गर्भाशयमुखासाठी त्यात डोळ्यांनी पाहण्याची पद्धत घेतली. खर्चाचा आणि प्रयोगशाळांचा विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये ठेवलेलं लक्ष्य आहे वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, ७० टक्के बायकांची तपासणी. देशात अजूनही दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू होत असल्याचा २०२२चा अंदाज आहे.

तपासणीची जागा रिकामी राहिली की ती भीतीनं भरून निघते. उस्मानाबादला लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये ऐरणीवर आला, विधान परिषदेत गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अनेकींना 'पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं होतं. ज्या बिघाडासाठी काही मिनिटं गोठवण्याचा उपचार पुरतो, किंवा ज्या पांढऱ्या पाण्यासाठी गोळ्या पुरतात, त्यासाठी तिशीतली बाई गर्भाशय गमावून बसते. ॲसिटिक ॲसिडची बाटली आणि एक प्रशिक्षित नर्सबाई तिच्या वाट्याला आली असती, तर 'कॅन्सर होईल' या धमकीला तिच्याकडे उत्तर असतं. गर्भाशय काढायचा सल्ला कुणी दिला, तर गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, तुकडा काढून पाहिला का, हे विचारल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नये.

शहरात याचं दुसरं टोक दिसतं. वाढदिवसाला आईबाबांना 'फुल बॉडी चेकअप' भेट द्यायची पद्धत पडली आहे. एका रक्ताच्या नमुन्यात सत्तर-ऐंशी तपासण्या, घरपोच. त्यांतल्या 'लेडीज पॅकेज'मध्ये पुष्कळदा सीए-१२५ नावाची चाचणी असते, बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २०२१मध्ये आला: निरोगी बायकांमध्ये ही चाचणी दरवर्षी करूनही त्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि त्याच पॅकेजमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी नसते, कारण ती रक्तातून होत नाही, त्यासाठी टेबल, पडदा आणि माणूस लागतं. पैसे भरले, जाडजूड अहवाल हातात आला, तारांकित आकड्यांनी झोप उडाली आणि जी तपासणी जीव वाचवते ती राहूनच गेली.

तिशीनंतर ज्या गोष्टी खरोखर करून घ्याव्यात त्या मोजक्या आहेत आणि बहुतेक सरकारी उपकेंद्रात फुकट होतात: रक्तदाब, रक्तातली साखर, वजन आणि कमरेचा घेर. तंबाखू, गुटखा, मिश्री असेल तर तोंड उघडून नीट तपासणं. केरळमध्ये अशा तपासणीनं तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटल्याचं २००५मध्ये दिसलं. त्या अभ्यासाचे प्रमुख डॉ. आर. शंकरनारायणन हेच उस्मानाबादच्या अभ्यासाचेही प्रमुख होते. स्तनांची तपासणी आहे. आणि गर्भाशयमुखाची, जी पाळी गेल्यावर, मुलंबाळं झाल्यावर, 'आता काय राहिलंय' म्हणून सोडून द्यायची नसते.

आता हाताशी काय आहे

परिस्थिती १९९९सारखी राहिलेली नाही. एचपीव्ही चाचणीची यंत्रं आता आपल्याकडेच तयार होतात. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारी केंद्रांत आधीच पोहोचलेलं आहे आणि त्यावर एचपीव्हीचीही चाचणी होते. लशीचा विषय वेगळा, पण त्यातही बार्शीचा हात आहे: २००९मध्ये सुरू झालेल्या लसीकरणाच्या अभ्यासात बार्शी एक केंद्र होतं. २०१०मध्ये सरकारनं असे अभ्यास थांबवले, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे तो एक डोसही बराच काळ संरक्षण देतो, असं दिसलं. मुलीला लस दिली म्हणून आईची तपासणी टळत नाही; आज तिशी-चाळिशीत असलेल्या बायकांसाठी तपासणी हाच मार्ग आहे.

जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते: तिशीपासून सुरुवात, दर पाच ते दहा वर्षांनी एकदा. नमुना बाईनं स्वतः घेतला तरी चालतो. पडद्यामागे जाऊन ब्रश आत फिरवायचा, नळीत ठेवायचा आणि आशाताईंच्या हाती द्यायचा. स्पेक्युलमची भीती नाही, कुणासमोर उघडं व्हायला नको. ज्या वीस टक्के बायका उस्मानाबादलाही आल्या नव्हत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणी यासाठी तयार होतील असं मला मनापासून वाटतं.

उद्या एखादा जिल्हा हे सुरू करणार असेल, तर त्यानं बार्शीकरांच्या कामातून घ्यायची गोष्ट यंत्राच्या आधी येते. ३० ते ५९ वयाच्या बायकांची गाववार यादी. पॉझिटिव्ह निघालेल्या बाईकडे किती दिवसांत आणि कोण जाणार, त्या माणसाचं नाव. गोठवण्याचं यंत्र कुठल्या दवाखान्यात आहे, त्यात वायू भरलेला आहे का, ते चालवणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा निकाल कारखान्याच्या गावी कसा पोहोचणार आणि उपचार तिला तिथेच कसा मिळणार. वहीत 'तपासणी झाली' या रकान्याशेजारी 'परत आली' आणि 'उपचार झाला' हे दोन रकाने हवेत, आणि महिन्याच्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आधी त्या दोन रकान्यांबद्दल विचारावं. एवढं ठरल्यावर मग नळ्या वाटायला घ्याव्यात.